रिचर्ड हडलिन

रिचर्ड हडलिन हे अमेरिकेतील मिझुरी राज्याच्या सेंट लुईस शहरातील माध्यमिक शिक्षक, टेनिसपटू व टेनिस प्रशिक्षक होते. विम्बल्डनचे पुरुष एकेरी विजेतेपद मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू आर्थर ॲश यांनी आपल्या शालेय शिक्षणाचे अखेरचे वर्ष (१९६०-६१) हडलिन यांच्या घरी राहून पूर्ण केले. क्रीडा इतिहासात हडलिन यांचे नाव प्रामुख्याने या एका वर्षामुळे घेतले जाते. शाळेतील त्यांची सेवा मात्र तीन दशकांहून अधिक काळाची होती.

== खेळाडू म्हणून ==
हडलिन यांनी शिकागो विद्यापीठात शिक्षण घेतले आणि १९२० च्या दशकात तेथील टेनिस संघाचे कर्णधारपद भूषवले. गोऱ्या विद्यार्थ्यांचे प्राबल्य असलेल्या विद्यापीठात कृष्णवर्णीय कर्णधार निवडला जाणे त्या काळी अपवादात्मक होते. विद्यापीठाबाहेर परिस्थिती अधिक कठीण होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेची दारे कृष्णवर्णीयांना १९५० पर्यंत बंदच होती. त्या वर्षी अल्थिया गिब्सन यांना प्रथम प्रवेश मिळाला. तोपर्यंत कृष्णवर्णीय खेळाडू १९१६ साली स्थापन झालेल्या अमेरिकन टेनिस असोसिएशन या स्वतंत्र संघटनेच्या स्पर्धा खेळत. हडलिन यांच्या खेळाची उमेदीची वर्षे याच काळात सरली.

== समनर विद्यालय ==
हडलिन यांनी सेंट लुईसमधील समनर विद्यालयात अध्यापन केले व तेथील मुलांना टेनिस शिकवले. १८७५ मध्ये स्थापन झालेले हे विद्यालय मिसिसिपी नदीच्या पश्चिमेकडील कृष्णवर्णीयांचे पहिले माध्यमिक विद्यालय मानले जाते. गायिका टीना टर्नर याच शाळेच्या विद्यार्थिनी होत्या.

सेंट लुईस हे डेव्हिस चषकाचे जनक ड्वाइट डेव्हिस यांचे गाव. शहराचे उद्यान आयुक्त असताना त्यांनी सामान्य नागरिकांसाठी सार्वजनिक टेनिस कोर्ट उभारली होती. तरीही नगरपालिकेच्या टेनिस स्पर्धांत कृष्णवर्णीयांना स्थान नव्हते. त्याविरुद्ध हडलिन यांनी १९४० च्या दशकात न्यायालयात दाद मागितली. सार्वजनिक शाळेत नोकरी करणाऱ्या शिक्षकाने शहराच्या प्रथेला असे आव्हान देणे सोपे नव्हते.

== आर्थर ॲश ==
व्हर्जिनिया राज्यातील लिंचबर्गचे डॉक्टर रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन हे हडलिन यांचे स्नेही. ते दर उन्हाळ्यात कृष्णवर्णीय मुलांना आपल्या घरी ठेवून घेत व अंगणातील कोर्टवर टेनिस शिकवत. ॲश हे त्यांचेच शिष्य. ॲश यांच्या गावी, रिचमंड येथे, बंदिस्त कोर्ट फक्त गोऱ्यांसाठी होती, त्यामुळे हिवाळ्यात त्यांचा सराव थांबे. तुल्यबळ गोऱ्या मुलांशी सामने खेळण्याचीही सोय नव्हती. म्हणून जॉन्सन यांनी १९६० मध्ये १७ वर्षांच्या ॲशना हडलिन यांच्याकडे पाठवले व त्यांचे नाव समनर विद्यालयात दाखल झाले.

सेंट लुईसमधील सराव लष्करी शस्त्रागाराच्या इमारतीतील लाकडी जमिनीवर चाले. तेथे चेंडू उसळून अतिशय वेगाने येई. मंद कोर्टवर बेसलाइनवरून खेळण्याची सवय असलेल्या ॲशना रॅकेट मागे नेण्याची हालचाल आखूड करावी लागली आणि सर्व्हिस करून नेटकडे धावण्याचा आक्रमक खेळ शिकावा लागला. त्यांच्या खेळाची पुढे जी ओळख बनली, तिची घडण बरीचशी या जमिनीने केली. शहरातील चांगल्या गोऱ्या खेळाडूंशी नियमित सरावही येथेच शक्य झाला.

हडलिन यांच्या घरची शिस्त कडक होती. पहाटेचे धावणे, व्यायाम, शाळा, सराव व अभ्यास असा दिनक्रम ठरलेला असे. आईविना वाढलेल्या आणि आता वडील व धाकट्या भावापासून दूर आलेल्या मुलाला ती जाचक वाटली. सेंट लुईसमधील वर्ष आपल्याला आवडले नव्हते, हे ॲश यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. मात्र खेळाच्या दृष्टीने त्याचे फळ लगेच दिसले. १९६० मध्ये त्यांनी राष्ट्रीय कनिष्ठ गटाची बंदिस्त कोर्टवरील स्पर्धा जिंकली. १९६१ मध्ये समनरचे प्रतिनिधित्व करत त्यांनी राष्ट्रीय आंतरशालेय विजेतेपद पटकावले. ही आंतरशालेय स्पर्धा व्हर्जिनियातील शार्लट्सव्हिल येथे, म्हणजे ज्या राज्यात त्यांना हिवाळी सरावाला कोर्ट मिळत नव्हते त्याच राज्यात, झाली होती.

त्याच वर्षी समनरमधून उत्तीर्ण होऊन ॲश शिष्यवृत्तीवर लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात दाखल झाले. १९६३ मध्ये ते अमेरिकेच्या डेव्हिस चषक संघात निवडले गेलेले पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले. १९६८ मध्ये अमेरिकन खुली, १९७० मध्ये ऑस्ट्रेलियन खुली व १९७५ मध्ये विम्बल्डन स्पर्धा त्यांनी जिंकली. विम्बल्डनच्या त्या अंतिम सामन्यात त्यांनी गतविजेत्या जिमी कॉनर्स यांना ६-१, ६-१, ५-७, ६-४ असे नमवले.