जागा नाही म्हणण्यापूर्वी

बेथलेहेमात पवित्र कुटुंबाला उतारशाळेत जागा मिळाली नाही. 1987 साली, बेघरांच्या आंतरराष्ट्रीय वर्षात, व्हॅटिकनच्या न्याय व शांती आयोगाने निवेदन काढून सांगितले की, स्वतःचा दोष नसता माणसाला बेघर राहावे लागणे हा अन्याय होय. हा विचार आम्हांला सांगलीच्या इतिहासात पडताळून पाहावासा वाटतो.

कृष्णेचा पूर येथील सखल भागाला नवा नाही. 2005, 2019 व 2021 साली त्याने शहर वेढले. सुरक्षित मोकळी जागा थोडी. माण-जतच्या दुष्काळी पट्ट्यातून पोटासाठी येणारी माणसे पुष्कळ. म्हणून 2005 साली केंद्राची एकात्मिक गृहनिर्माण व झोपडपट्टी विकास योजना आली, तेव्हा घर कोठे बांधावे हाच खरा प्रश्न होता. घर दूर गेले की मोलकरणीची कामे सुटतात, हळदबाजारातील हमालाची मजुरी बुडते.

पुण्याच्या 'शेल्टर असोसिएट्स'ने वास्तुविशारद प्रतिमा जोशी यांच्या नेतृत्वाखाली सांगली-मिरज-कुपवाडमधील वस्त्यांचे घरोघर सर्वेक्षण करून नकाशे तयार केले. एकेक वस्ती सुटी न पाहता साऱ्या शहराचा एकत्रित विचार झाला. ज्यांना हलवणे भाग होते, त्यांना शक्य तितके जवळ ठेवावे, हे त्यामागील सूत्र होते. योजनेत घर किमान 25 चौरस मीटरचे, तर रहिवाशाचा वाटा किमान 12 टक्के, दुर्बल घटकांसाठी 10 टक्के. घर दान नव्हते; परंतु रोजंदारीवर जगणाऱ्याला हा वाटाही जड असतो, हे विसरून चालणार नाही.

'जागा नाही' असे म्हणण्यापूर्वी माणसे मोजावीत, त्यांना विचारावे, हा सांगलीचा धडा आम्हांला मोलाचा वाटतो.