जोडनावेचा गोतावळा



आपल्या स्मरणिकेत दरवर्षी थोर स्त्रियांची चरित्रे येतात, तीर्थयात्रांची वर्णने येतात. मी यंदा समुद्रातल्या एका लहानशा नावेचा इतिहास लिहिणार आहे. विषय ऐकून काहीजणी हसतील. पण एखादी चांगली वस्तू निघाली म्हणजे तिच्याभोवती माणसे आपोआप जमतात, की ती जमवावी आणि टिकवावी लागतात, हा प्रश्न या इतिहासात फार स्पष्ट दिसतो. मंडळ चालवणाऱ्या आपल्याला तो काही परका नाही. जहाजावर नोकरी करणाऱ्या माझ्या पुतण्याने इंग्रजी पुस्तकांतला मजकूर मला समजावून सांगितला, त्यावरून हे लिहिते.

या नावेला कॅटामरान म्हणतात. शब्द साहेबी वाटतो, पण मूळचा आपल्याच देशातला, तमिळ भाषेतला. 'कट्टु' म्हणजे बांधणे आणि 'मरम' म्हणजे झाड किंवा लाकूड. पूर्व किनाऱ्यावरचे कोळी लाकडाचे ओंडके दोरांनी एकत्र बांधून त्यांवर बसून मासेमारीला जात. इंग्रजांनी तो शब्द उचलला आणि पुढे दोन सारख्या होड्या आडव्या दांड्यांनी जोडून केलेल्या नावेला लावला. आपल्या कोकणात होडी कलंडू नये म्हणून तिच्या एका बाजूस उलांडी बांधतात. येथे तोच आधार दुसऱ्या होडीचा. दोन पाय फाकून उभे राहिलेले माणूस सहज पडत नाही, तसेच हे. शिवाय दोन्ही होड्या अरुंद, त्यामुळे पाण्याचा अडसर कमी आणि वेग फार.

हा वेगच प्रथम तिच्या मुळावर आला. सन १८७६ मध्ये अमेरिकेतील नॅथनेल हेरेशॉफ या नौकाकाराने 'अमॅरिलिस' नावाची जोडनाव बांधून न्यूयॉर्कच्या शर्यतीत उतरवली. तिने भल्या भल्या नावांना मागे टाकले. पण इतर मालकांनी हरकत घेतली, आणि ही नाव आमच्या जातीची नव्हे असे ठरवून तिला बाद करण्यात आले. हेरेशॉफने तशा आणखी काही नावा बांधल्या, तरी जोडनावांच्या शर्यतींचे बस्तान काही बसले नाही. नाव उत्तम होती, पण तिच्या बरोबरीच्या दहा-वीस नावा नव्हत्या आणि त्यांचे मालक एकत्र येतील अशी जागाही नव्हती. एकटीने जिंकून काय होणार?

पुढे जवळजवळ ऐंशी वर्षांनी, १९५४ च्या सुमारास, इंग्लंडात कॅनव्ही बेटावर रोलंड व फ्रान्सिस प्राउट या भावांनी 'शिअरवॉटर' ही जोडनाव पुढे आणली. दोघे वल्ह्यांच्या होडीत तरबेज. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला इंग्लंडतर्फे गेलेले. त्यांनी आरंभी दोन हलक्या होड्या जोडूनच प्रयोग केले होते. त्यांच्या नावा बऱ्याच जणांनी घेतल्या, आणि एकाच नमुन्याच्या जोडनावांच्या शर्यती सुरू झाल्या.

पण खरा गोतावळा जमला तो अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर. होबी आल्टर (१९३३–२०१४) हा तरुण वडिलांच्या गॅरेजमध्ये लाटांवर तरंगण्याच्या फळ्या करी. १९५४ मध्ये त्याने डेना पॉइंट येथे दुकान घातले. पुढे लाकडाऐवजी हलक्या फोमच्या फळ्या करण्याची युक्ती त्याने व त्याच्या साथीदाराने साधली. तोच अनुभव नावेला लावून १९६८ मध्ये त्याने चौदा फुटी 'होबी १४' काढली आणि थोड्याच अवधीत दोघांची 'होबी १६'. ही नाव सोळा फूट सात इंच लांब आणि वजनाने सुमारे १४५ किलो. तिला बंदर लागत नाही, धक्का लागत नाही. वाळूवरून ढकलली की लाटेत शिरते. होड्यांची आतली बाजू फुगीर आणि बाहेरची सपाट असल्यामुळे वाऱ्याने आडवी सरकू नये म्हणून खाली फळी सोडावी लागत नाही. सुकाणू वाळूला लागले की आपोआप वर उचलले जाते. मधे ताणलेल्या कापडावर माणसे बसतात.

अशा नावा एक लाखाहून अधिक झाल्या. पण विक्री म्हणजे समाज नव्हे. तो समाज कसा घडला, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

पहिली गोष्ट, सर्वांना सारखी नाव. शीड, डोलकाठी, होड्या यांत मालकाने आपल्या मनाने बदल करायचा नाही. रांगोळीच्या स्पर्धेत आपण प्रत्येकीला सारखाच चौकोन आखून देतो, तसे. श्रीमंताने पैसे ओतून वेग विकत घ्यावा, ही वाटच बंद. जागतिक शर्यती १९७६ मध्ये हवाई बेटांवर सुरू झाल्या. या शर्यतींत नावाही आयोजकच पुरवतात आणि खेळाडू त्या आळीपाळीने वापरतात. दोघांचे मिळून वजन किमान १२९ किलो असावे असा नियम आहे. कमी भरले तर तेवढे ओझे बरोबर घ्यावे लागते. त्यामुळे नुसत्या हलकेपणाचा फायदा कोणास मिळत नाही.

दुसरी गोष्ट, गावोगावची पथके. एका किनाऱ्यावरचे मालक एकत्र येऊन पथक करीत आणि त्याला क्रमांक मिळे. शर्यतीला सारे कुटुंब येई, मुले वाळूत खेळत, संध्याकाळी एकत्र जेवण होई. वेळ नोंदणे, बोयी टाकणे ही कामे सभासदच करीत. आणि नवशिक्यांचा गट वेगळा! पहिल्याच वर्षी पट्टीच्या खेळाडूंकडून हरून माणूस घरी बसू नये, म्हणून अ, ब, क अशा पायऱ्या ठेवल्या. स्त्रियांच्या जागतिक शर्यतीही वेगळ्या होऊ लागल्या.

तिसरी गोष्ट अवघड आहे, आणि समाजाची खरी परीक्षा तिच्यातच झाली. या नावेची डोलकाठी अ‍ॅल्युमिनियमची आणि उंच. किनाऱ्यावर नाव नेताना ती वरच्या विजेच्या तारांना लागून माणसे दगावली. तेव्हा १९८० च्या दशकात काठीचे टोक वीज न वाहणाऱ्या पदार्थाचे करण्यात आले. वाकण्यात फरक पडतो म्हणून काही शर्यतवाल्यांनी कुरकुर केली. पण अमेरिकेत शर्यतीसाठी ते टोक सक्तीचे झाले. जिंकण्याची हौस आणि शेजाऱ्याचा जीव यांत काय मोठे, हे नियमानेच ठरवावे लागले.

याउलट 'टॉर्नेडो' पाहा. १९६७ मध्ये निवडलेली ही नाव होबीपेक्षा वेगवान. १९७६ ते २००८ ती ऑलिंपिकमध्ये होती. पहिले सुवर्णपदक इंग्लंडच्या रेज व्हाइट व जॉन ऑस्बोर्न यांनी मिळवले. नंतर तिला वगळले, आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये एकही जोडनाव नव्हती. २०१६ मध्ये रिओला जोडनाव परत आली ती 'नाक्रा १७', एक स्त्री व एक पुरुष अशा जोडीने चालवायची. 'होबी १६' ऑलिंपिकला कधी गेली नाही. १९७६ मध्ये मूळ कारखानाही दुसऱ्या मोठ्या कंपनीला विकला गेला. तरी तिच्या शर्यती चालूच आहेत, कारण त्या किनाऱ्यावरच्या सभासदांच्या हाती होत्या.

यावरून मला असे दिसते की वरून मिळालेला मान वरूनच काढून घेतला जातो, पण आपसांत जमवलेला गोतावळा तसा कोणाला मोडता येत नाही. तो मोडतो तो आतून. नव्या माणसाला जागा मिळाली नाही, नियम सर्वांना सारखे राहिले नाहीत, किंवा कामे दोघीतिघींवरच पडू लागली, म्हणजे.

म्हणून पुढच्या वर्षीच्या कामांची वाटणी करताना नवीन आलेल्या सुनांना नुसते सतरंज्या घालायला न लावता एकेका कार्यक्रमाची पुरी जबाबदारी द्यावी, एवढी माझी सूचना आहे. सुरुवात हळदीकुंकवापासून करता येईल.