ज्वारीच्या कण्या

ज्वारीच्या कण्या हा ज्वारीचे दाणे कांडून, जाडसर भरडून आणि पाण्यात किंवा ताकात शिजवून केला जाणारा महाराष्ट्रातील एक पारंपरिक पदार्थ आहे. मराठवाडा, सोलापूर आणि अहिल्यानगरकडील अवर्षणप्रवण भागांत, म्हणजे जेथे ज्वारी हे मुख्य अन्न होते आणि भात सणासुदीलाच शिजत असे तेथे, कण्यांनी भाताची जागा घेतलेली होती. धाराशिव (पूर्वीचे नाव उस्मानाबाद) जिल्हा याच पट्ट्यात मोडतो. कण्या पातळ आणि मोकळ्या अशा दोन प्रकारे शिजवतात. दोडका, दुधी, कोवळा भोपळा अशा भाज्या घालून केलेल्या मोकळ्या कण्या उत्तर आफ्रिकेतील कुसकुस या पदार्थाच्या बऱ्याच जवळ जातात.

नाव

‘कणी’ या स्त्रीलिंगी नामाचे ‘कण्या’ हे अनेकवचन होय. मूळ संस्कृत ‘कण’, म्हणजे धान्याचा बारीक अंश. ‘कणिक’ हा शब्दही त्याच कुळातला. मात्र कणिक म्हणजे पीठ आणि कणी म्हणजे पिठापर्यंत न पोहोचलेला तुकडा. तांदूळ सडताना तुटलेल्या दाण्यांनाही कण्याच म्हणतात, त्यामुळे कोणत्या धान्याच्या कण्या हे सांगावे लागते. धाराशिव परिसरात मात्र नुसते ‘कण्या’ म्हटले, तरी जुन्या पिढीला ज्वारीच्याच कण्या अभिप्रेत असत. भरडलेले कोरडे धान्य आणि त्यापासून शिजवलेला पदार्थ या दोहोंना एकच नाव आहे.

मराठी भक्तिपरंपरेत ‘विदुराच्या कण्या’ प्रसिद्ध आहेत. दुर्योधनाची मेजवानी नाकारून कृष्ण विदुराकडे जेवला, ही कथा महाभारताच्या उद्योगपर्वात येते. त्या साध्या जेवणाला कण्यांचे रूप दिले ते भक्तिपरंपरेने. गरिबाचे अन्न म्हणून कोणता पदार्थ श्रोत्यांना चटकन उमगेल, याचे उत्तर त्या काळी कण्या हेच होते, असे यावरून दिसते.

धान्य

कण्यांसाठी रब्बी ज्वारी उत्तम मानतात. ही ज्वारी पावसाळ्याच्या अखेरीस, सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली जाते आणि काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढून फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येते. जिल्ह्यात परंडा, भूम आणि वाशी या पश्चिमेकडील तालुक्यांत तिचे महत्त्व अधिक आहे. मोहोळ (जि. सोलापूर) येथील संशोधन केंद्रात निवड पद्धतीने सिद्ध झालेला ‘मालदांडी ३५-१’ हा वाण सर्वांत परिचित आहे. त्याचा दाणा टपोरा, मोत्यासारखा आणि कठीण असतो. कठीण दाणा कांडताना फुटून पीठ होत नाही, म्हणून कण्यांना तो मानवतो. खरीप ज्वारी काढणीच्या वेळी पावसात सापडली की काळी पडते. तिच्या कण्या चिकट होतात आणि किंचित कडवट लागतात.

ज्वारीचे मूळ ईशान्य आफ्रिकेत, आजच्या सुदानच्या परिसरात आहे. प्राचीन काळीच ती भारतात पोहोचली आणि दख्खनच्या पठाराचे मुख्य धान्य बनली.

कण्या काढणे

घरी कण्या काढणे हे दोन टप्प्यांचे काम होते आणि ते सर्वस्वी स्त्रियांच्या वाट्याला येई. प्रथम ज्वारीला पाण्याचा हात लावून ती थोडा वेळ झाकून ठेवत. पाण्याने वरची साल सैल होते, आतला गाभा मात्र कोरडाच राहतो. पाणी जास्त झाले तर दाणा उखळात चेचला जातो आणि कमी पडले तर कोंडा सुटत नाही. हे प्रमाण हातालाच कळत असे, त्यासाठी माप नव्हते. नंतर उखळात मुसळाने कांडून, सुपात पाखडून कोंडा वेगळा करत आणि दाणे उन्हात वाळवत.

दुसरा टप्पा जात्याचा. जाते सैल ठेवून, मुठीमुठीने दाणे वैरून ते भरडले जात. मग चाळणीने तीन भाग होत: वर राहिलेली जाड भरड, मधली कणी आणि खाली पडलेले पीठ. भरड पुन्हा जात्यात जाई. पीठ भाकरीत मिसळले जाई आणि कोंडा जनावरांना मिळे. काही वाया जात नसे, हे खरे. पण दोन वेळच्या जेवणापुरत्या कण्या काढण्यास पहाटेचा मोठा वेळ लागत असे, हेही तितकेच खरे. कण्यांच्या साधेपणाचे कौतुक करताना या कष्टांचा हिशेब सहसा मांडला जात नाही. विजेवरची पिठाची गिरणी गावोगाव पोहोचल्यावर भाकरीचे पीठ सहज मिळू लागले, परंतु कण्यांसाठी लागणारे कांडण गिरणीत होत नव्हते. कण्या मागे पडण्यास ही गोष्टही कारणीभूत झाली.

शिजवण्याची पद्धत

पातळ कण्यांसाठी एक वाटी कण्यांना पाच ते सहा वाट्या पाणी लागते. पाण्याला आधण आले की मीठ घालून कण्या वैरतात आणि गुठळी होऊ नये म्हणून सतत हलवतात. कण्या फुलून मऊ झाल्या की खाली उतरवतात आणि कोमट झाल्यावर ताक घालून, वर लसणीची फोडणी देऊन खातात. उकळत्या कण्यांत ताक घातल्यास ते फाटते. आजारी माणसाला व लहान मुलांना दूध-गूळ घालून देतात. आंबील हा याहून निराळा पदार्थ होय. ती ज्वारीच्या पिठाची, ताकात आंबवून केलेली असते. मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे धाराशिव, लातूर व सोलापूर भागांत शेतात साजऱ्या होणाऱ्या वेळ अमावस्येला, भज्जीबरोबर तिचा मान असतो.

मोकळ्या कण्यांना पाणी बेताचे लागते. कण्या धुऊन तासभर भिजवतात, निथळतात आणि तेलावर परततात. जिल्ह्यात पूर्वी करडईचे तेल वापरात होते आणि त्याचा उग्रसर वास कण्यांना शोभतो. फोडणीत मोहरी, जिरे, लसूण, हिरवी मिरची, हळद व मूठभर शेंगदाणे घालतात. तिखटाऐवजी येसर, म्हणजे भाजलेली धान्ये, डाळी आणि मसाले एकत्र दळून केलेली मराठवाड्यातील पूड, वापरल्यास रस दाट होतो.

कोवळ्या भोपळ्याच्या कण्या

भोपळ्याच्या कुळातील ज्या फळभाज्या साल व बिया कोवळ्या असतानाच खुडतात, त्या कण्यांत विशेष जमतात. दोडका, घोसाळे, दुधी आणि कोवळे डांगर ही त्यांतली घरची नावे. झुकिनी ही हिरवी वा पिवळी भाजी अलीकडे पुण्या-मुंबईच्या मंडईत दिसू लागली आहे. तिचे मूळ कूळ अमेरिका खंडातले, लाल भोपळ्याच्या जवळचे. दोडका आणि दुधी मात्र भोपळ्याच्या कुळातले असले तरी वेगळ्या प्रजातींचे आहेत. स्वयंपाकात या सर्वांचा स्वभाव एकच, तो म्हणजे नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी.

हे पाणी हिशेबात धरले नाही तर मोकळ्या कण्यांचा लगदा होतो. एक वाटी भिजवलेल्या कण्या आणि दोन वाट्या फोडी असतील, तर अडीच वाट्या गरम पाणी पुरते. भाजीविना त्याच कण्यांना तीन वाट्या लागतात. कण्या मंद आचेवर झाकून वीस ते पंचवीस मिनिटे शिजतात. दुधीच्या फोडी परतलेल्या कण्यांबरोबर आरंभीच घालाव्यात. दोडका व झुकिनी शेवटच्या सात-आठ मिनिटांत घालाव्यात, नाहीतर त्या विरघळून जातात. मीठ फोडींवर आधी टाकल्यास पाणी लगेच सुटते, म्हणून ते कण्यांच्या पाण्यात घालणे बरे. शेवटी शेंगदाण्याचे कूट व कोथिंबीर घालून पाच मिनिटे वाफ मुरू द्यावी आणि मगच झाकण काढावे. जोडीला दोडक्याच्या शिरांची चटणी केली म्हणजे सोललेला भागही कामी येतो.

डांगर थोडे पिकले असेल तर त्याच्या गोडीला लाल मिरची आणि चिंचेचा कोळ यांची जोड लागते.

दोडका, दुधी किंवा झुकिनी चिरल्यावर प्रत्येक फळाचा छोटा तुकडा जिभेवर ठेवून पाहणे आवश्यक आहे. या कुळातील वनस्पतींत कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्ये असतात. एखाद्या फळात ती वाढली तर पोटदुखी, उलट्या, रक्ताचे जुलाब असे गंभीर परिणाम होऊ शकतात. शिजवल्याने ती नाहीशी होत नाहीत. तुकडा कडू लागल्यास थुंकून ते फळ टाकून द्यावे. कडू दुधीचा रस पिऊ नये, असा सल्ला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीनेही दिलेला आहे. मसाल्याने कडूपणा झाकण्याची सवय धोक्याची आहे.

कुसकुसशी तुलना

कुसकुस हे मोरोक्को, अल्जिरिया, ट्युनिशिया व मॉरिटानिया या देशांचे रोजचे अन्न आहे. या चार देशांनी संयुक्तपणे मांडलेल्या प्रस्तावावरून युनेस्कोने २०२० मध्ये कुसकुसविषयीचे ज्ञान व प्रथा यांचा मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

दिसायला कण्या आणि कुसकुस सारखेच, पण घडण उलटी आहे. कण्या दाणा फोडून मिळतात, तर कुसकुस जोडून घडवतात. कठीण गव्हाच्या रव्यावर मिठाचे पाणी शिंपडून, पीठ भुरभुरवत, तळहाताने गोल फिरवत बारीक गोळ्या वळतात आणि चाळणीने सारख्या करतात. महाराष्ट्रात या कौशल्याचे नाते कण्यांपेक्षा गव्हल्यांशी आहे. लग्नाच्या रुखवतात मांडले जाणारे गव्हले रव्याच्या भिजवलेल्या गोळ्यातून बोटांनी एकेक वळले जातात. मात्र त्यांची खीर होते, जेवणातला भात होत नाही. म्हणजे कुसकुसचे हात गव्हल्यांचे आणि ताटातली जागा कण्यांची, असे म्हणता येईल.

शिजवण्यातही फरक आहे. कुसकुस पाण्यात न शिजवता वाफवतात. दुमजली भांड्याच्या खालच्या भागात मांस, हरभरे, गाजर, सलगम, भोपळा व झुकिनी यांचा रस्सा उकळतो आणि त्याच्याच वाफेवर वरच्या सच्छिद्र भांड्यातले कुसकुस दोन-तीन वेळा वाफवले जाते. मोरोक्कोत सात भाज्यांचे कुसकुस प्रसिद्ध आहे. ही रीत कण्यांनाही लागू पडते. भिजवून निथळलेल्या कण्या मोदकपात्रात फडक्यावर पसरून वाफवल्या, मध्येच काढून पाणी शिंपडून मोकळ्या केल्या आणि पुन्हा वाफवल्या, की त्या भाताहून सुट्या होतात. दोडक्याचा किंवा भोपळ्याचा येसर घातलेला रस्सा वरून वाढता येतो. पश्चिम आफ्रिकेत सेनेगल, माली या देशांत बाजरी व ज्वारीचेही कुसकुस करतात. त्यामुळे ज्वारी आणि कुसकुस यांची जोडी तिकडे मुळीच अनोळखी नाही.

शहरांतील दुकानांत मिळणारे पाकीटबंद कुसकुस आधीच वाफवून वाळवलेले असते आणि गरम पाण्यात पाच मिनिटांत फुलते. कण्यांना ती घाई चालत नाही. पाकिटावरील कृतीत कुसकुसऐवजी कोरड्या कण्या घातल्या तर त्या कच्च्या राहतात. शिवाय कुसकुस हा गव्हाचा पदार्थ असल्याने ग्लुटेन वर्ज्य असलेल्यांना तो चालत नाही. ज्वारीत ग्लुटेन नसते. मात्र गव्हाच्याच गिरणीत कण्या काढल्या असतील तर गव्हाचे पीठ मिसळण्याची शक्यता राहते.

दुष्काळ आणि कण्या

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात ज्वारीचे पीक बुडाले. दुष्काळी कामांवरील मजुरांना व मुलांना सुकडी वाटली गेली. परदेशातून आलेली लाल ज्वारी लोकांना ‘मिलो’ या नावाने ठाऊक होती आणि त्या पिढीच्या तोंडी ती नावडीनेच येते. मूठभर धान्यात अधिक पाणी घालून अधिक तोंडे भरता येत असल्याने पातळ कण्या हे टंचाईचे अन्न ठरले. भाकरीला पीठ जास्त लागते आणि ती मोजता येते. कण्यांत मात्र ऐनवेळी तांब्याभर पाणी वाढवता येते. ज्यांनी नाइलाजाने त्या खाल्ल्या, त्यांच्यापैकी अनेकांनी दिवस पालटल्यावर त्या घरात शिजवल्या नाहीत. पाहुण्यांपुढे कण्या ठेवणे कमीपणाचे वाटे. पाककृतींच्या छापील पुस्तकांत भाताचे प्रकार पानोपानी असताना कण्या क्वचितच दिसतात, याच्या मागेही हीच लाज असावी.

सद्यस्थिती

जिल्ह्यात खरिपात सोयाबीनचा विस्तार झाला आणि शिधापत्रिकेवर गहू-तांदूळ मिळू लागले. घरच्या ज्वारीची गरज त्यामुळे घटली. ज्वारीच्या कडब्याला जनावरांसाठी मागणी असते, पण काढणी हाताने करावी लागते आणि मजुरी परवडत नाही, ही शेतकऱ्यांची सततची अडचण आहे. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. त्यानंतर शहरांत ज्वारीचा रवा, पोहे, शेवया यांची पाकिटे अधिक दिसू लागली.

बाजारातील ज्वारीचा रवा कण्यांहून बारीक असतो. तो उपम्याला व इडलीला योग्य, पण ताकातल्या किंवा भोपळ्याच्या कण्यांसाठी घेतल्यास त्याची खळ होते. गिरणीत कण्या काढून घ्यायच्या असतील तर ज्वारी पाण्याचा हात लावून, पुन्हा पूर्ण वाळवून न्यावी लागते आणि दगड सैल ठेवण्यास सांगावे लागते. कांडण न झाल्याने अशा कण्यांत कोंडा राहतो. तो नको असल्यास कण्या शिजवण्यापूर्वी भरपूर पाण्यात घोळून, वर तरंगणारा कोंडा ओतून टाकतात.