तीन बोटांची खूण

कुमारवयीन वाचकांसाठीं लिहिलेल्या काळ्या भविष्याच्या कादंबऱ्यांकडे प्रौढ मंडळी बहुधा करमणूक म्हणून पाहतात. परंतु अशाच एका कादंबरींतील साध्या खुणेस अलीकडील इतिहासांत मोठें मोल आलें.

सुझान कॉलिन्स या अमेरिकन लेखिकेची ‘द हंगर गेम्स’ ही कादंबरी २००८ सालीं प्रसिद्ध झाली. तींत राजधानीच्या आज्ञेनें मुलांना परस्परांशीं मरेपर्यंत झुंजविलें जातें. धाकट्या बहिणीचें नांव चिठ्ठींत निघतांच सोळा वर्षांची कॅटनिस तिच्या जागीं स्वतः पुढें होते. भोंवतालचा जमाव टाळ्या वाजवीत नाहीं. डाव्या हाताचीं तीन बोटें ओठांस लावून तीं तिच्या दिशेनें उंचावतो. अन्यायास संमति न देणें एवढेंच त्यांच्या हातीं होतें, आणि तेवढें त्यांनीं केलें.

२२ मे २०१४ रोजीं थायलंडांत लष्करानें सत्ता बळकावली. त्यानंतर बँकॉकमध्यें निदर्शकांनीं हींच तीन बोटें वर केलीं. नोव्हेंबरांत खोन केन येथें पंतप्रधान प्रयुत यांच्यासमोर ही खूण करणाऱ्या पांच विद्यार्थ्यांस पकडण्यांत आलें. फेब्रुवारी २०२१ मध्यें म्यानमारांत लष्करी उठाव झाला, तेव्हां त्या देशाचे प्रतिनिधि चॉ मो तुन यांनीं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेंत तीच बोटें उंचावलीं.

कादंबरीनें धैर्य निर्माण केलें, असें आम्ही म्हणत नाहीं; धैर्य त्या माणसांचेंच. कादंबरीनें त्यांस परस्परांना ओळखण्याची खूण दिली. कॅटनिसच्या गांवकऱ्यांनीं कागदावर पत्करलेला धोका खोन केनच्या विद्यार्थ्यांनीं प्रत्यक्ष अंगावर घेतला.