बैल, रिंगण आणि साठमारी

१९८७ च्या मे महिन्यातील गोष्ट आहे. शेतकीशास्त्राच्या एका अभ्यासक्रमासाठी मी त्या वर्षी माद्रिदला होतो. सान इसिद्रो हा त्या शहराचा रक्षक संत. तो स्वतः शेतमजूर होता आणि नांगर हे त्याचे चिन्ह. त्याच्या उत्सवानिमित्त मे महिन्यात माद्रिदमध्ये बैलझुंजींचा मोठा हंगाम भरतो. नांगरधाऱ्या संताच्या उत्सवात बैल मारतात, हे ऐकून मेहकरच्या काळ्या मातीत वाढलेल्या माझ्या मनाला पहिला चटका बसला. तरीही वर्गातील चौघा मित्रांबरोबर मी तो खेळ पाहावयास गेलो. कुतूहल होते, आणि नकार देऊन मित्रांच्या आनंदात विरजण घालण्याचे धैर्य नव्हते, हेही कबूल केले पाहिजे.

लास व्हेंतास हे ते क्रीडागार. १९३१ साली त्याचे उद्घाटन झाले आणि सुमारे २३,००० प्रेक्षक त्यात बसू शकतात. तिकिटांचे भाव सावलीचे वेगळे आणि उन्हाचे वेगळे. आम्ही विद्यार्थी, म्हणून उन्हात बसलो. कर्णे वाजले, मिरवणूक आली आणि पिवळसर वाळूच्या वर्तुळात पहिला बैल धावत शिरला. काळाभोर, पाचशे किलोंच्या आसपासचा आणि डौलदार. माझ्या तोंडून नकळत ‘वा!’ असा उद्गार निघाला. शेतकऱ्याच्या पोराला चांगले जनावर पाहिल्यावर दुसरे काय सुचणार?

या खेळाचे तीन अंक असतात. पहिल्यात घोडेस्वार पिकादोर भाल्याने बैलाच्या वशिंडाच्या जागचे स्नायू जखमी करतो, म्हणजे मान खाली येते. दुसऱ्यात पायी धावणारे गडी रंगीत कागदांनी सजविलेल्या काटेरी काठ्या त्याच्या पाठीत रोवतात. तिसऱ्यात मातादोर एकटा उरतो. हातात लाल कापड, त्याच्या आड तलवार. बैल लाल रंगाने चिडतो ही समजूत मात्र खोटी आहे. तो हलत्या कापडावर धावून जातो, रंगाचे त्याला फारसे काही नसते. एका संध्याकाळी तीन मातादोर आणि सहा बैल, असा हिशेब. मेलेला बैल खेचरांच्या जोडीला बांधून वाळूवरून ओढीत नेतात आणि पुढच्यासाठी वाळू सारखी केली जाते. कामगिरी उत्तम झाली तर मातादोरला बैलाचा कान बक्षीस मिळतो.

तिसऱ्या बैलानंतर मी मान खाली घातली. शेजारी बसलेला मित्र सालामांका प्रांतातील शेतकऱ्याचा मुलगा होता. त्याच्या भागात या झुंजीच्या बैलांचे कळप मोकळ्या रानात चार-पाच वर्षे वाढवितात. त्याने विचारले, “तुमच्या देशात असे काही नाही ना?” मी ताठ मानेने उत्तरलो, “नाही. आम्ही बैलाची पूजा करतो.” त्याने जरा थांबून पुन्हा विचारले, “आणि तो म्हातारा झाला की?” या दुसऱ्या प्रश्नाला मी उत्तर दिले नाही. पहिले उत्तरही अर्धवट होते, हे मला फार पुढे, इतिहास वाचू लागल्यावर समजले.

आधी त्यांचा इतिहास पाहू. स्पेनमध्ये हा खेळ सर्वांना कधीच मान्य नव्हता. १५६७ साली पोप पाचवा पायस याने बैलझुंजींवर बंदी घातली आणि त्यात मरणाऱ्यास ख्रिस्ती दफनविधी नाकारला. स्पेनच्या राजदरबाराच्या आग्रहामुळे पुढच्या पोपने, तेराव्या ग्रेगरीने, १५७५ मध्ये ती सैल केली. त्या काळी हा सरदारांचा, घोड्यावरून खेळण्याचा खेळ होता. अठराव्या शतकात दरबाराने पाठ फिरविली आणि पायी लढणारी सामान्य माणसे पुढे आली. रोंदा गावचे रोमेरो घराणे त्यांतलेच. तेथील दगडी क्रीडागार १७८५ मधले. १८०५ साली राजा चौथ्या कार्लोसने पुन्हा बंदी आणली, तीही टिकली नाही. १९४७ च्या ऑगस्टमध्ये मानोलेते हा विख्यात मातादोर लिनारेस येथे बैलाच्या शिंगाने घायाळ होऊन मरण पावला, तेव्हा सारा देश हळहळला. कातालोनियाच्या विधिमंडळाने २०१० साली बंदीचा कायदा केला, २०१६ मध्ये तेथील घटनात्मक न्यायालयाने तो रद्द ठरविला. २०१३ च्या कायद्याने बैलझुंज हा सांस्कृतिक वारसा झाला आणि २०२४ मध्ये सरकारने त्यासाठीचा राष्ट्रीय पुरस्कारच बंद केला. साडेचारशे वर्षे एक समाज स्वतःशीच वाद घालतो आहे.

आता आपल्याकडे वळू. ‘साठमारी’ हा शब्द आपण वर्तमानपत्रांत नेहमी वाचतो. सत्तेची साठमारी, तिकिटांची साठमारी. हा शब्द मुळात एका रिंगणातून आला आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? साठमारी म्हणजे मस्तीत आलेल्या हत्तीला पायी माणसांनी डिवचण्याचा खेळ. त्याचे मोठे माहेरघर म्हणजे गायकवाडांचे बडोदे. तेथील तटबंदीच्या मैदानाला अग्गड म्हणत. तटाच्या भिंतीत अरुंद दारे ठेवलेली असत, माणूस शिरू शकेल पण हत्ती शिरणार नाही अशी. हातात भाला किंवा कापड घेतलेले साठमार हत्तीला हुलकावणी देत आणि जीव वाचविण्यासाठी त्या दारांत शिरत.

लुई रूसले हा फ्रेंच प्रवासी १८६० च्या दशकात खंडेराव गायकवाडांच्या दरबारी राहिला. १८७५ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने हे खेळ तपशिलाने वर्णिले आहेत. हातात शिंगाची नखे बांधून मल्लांनी एकमेकांना रक्तबंबाळ करण्याच्या ‘नकी की कुस्ती’चेही वर्णन त्यात आहे. ते वाचताना अंगावर काटा येतो. पुढे १८७५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडचा युवराज बडोद्यास आला, तेव्हा त्याच्यासमोरही अग्गडात झुंजी झाल्या. यजमान होते सयाजीराव, नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरातून त्याच वर्षी दत्तक आलेले, अवघ्या बारा वर्षांचे. गुरांमागे हिंडलेल्या त्या मुलाला ते दृश्य पाहून काय वाटले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. कोल्हापुरातही शाहू महाराजांच्या काळी साठमारी रंगत असे. तेथे साठमारीचे नाव आजही एका जागेला आहे.

एक भेद नोंदविला पाहिजे. साठमारीत हत्तीला मारणे हा हेतू नसे. खेळ संपला की त्याला आवरून ठाणबंद करीत. रिंगणात मरण आलेच तर बहुधा माणसाला येई. गोव्यातील धिरयोंमध्ये माणूसही नसतो, दोन बैलच एकमेकांना भिडतात. भातशेती निघाल्यावर मोकळ्या शेतांत, विशेषतः सासष्टीत, त्या होत. १९९६ मध्ये एका प्रेक्षकाचा बैलाच्या धडकेने मृत्यू झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यांवर बंदी घातली. तरीही त्या चोरून होतच राहिल्या. आपल्या शंकरपटांचा आणि बैलगाडा शर्यतींचा प्रवासही असाच वळणावळणाचा झाला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी त्या थांबविल्या. २०१७ मध्ये महाराष्ट्राने आणि कर्नाटकानेही कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्रातील शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने या दुरुस्त्या वैध ठरविल्या. म्हणजे परंपरा आणि करुणा यांचा जो वाद माद्रिदमध्ये, तोच आपल्या दारात.

सीमाभागातील आपल्या घरांना दोन सण लाभले आहेत. ज्येष्ठी पौर्णिमेची कारहुणवी कानडी शेजाऱ्यांकडून आली आणि पोळा आपण बरोबर आणला. १९५६ च्या नोव्हेंबरात बिदर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, कचेरीतील भाषा बदलली, पण गोठ्यातील पंचांग बदलले नाही. कारहुणवीला कोणत्या रंगाचा बैल पुढे निघतो त्यावरून कोणते पीक साधेल ते ताडावयाचे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी, म्हणजे वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना तूप आणि हळद चोळावयाची. आमच्याकडे देवणी जातीचा बाळंक्या होता, अंगाने पांढरा आणि पोटाखाली काळे ठिपके. खांदे चोळताना तो डोळे मिटून उभा राही. त्याचे नाव घेतल्याशिवाय आजोबा पुरणपोळीचा घास घेत नसत.

१९७२ च्या दुष्काळात कडबा संपला. बाळंक्याचे वय झाले होते. वडिलांनी त्याला बाजारात नेऊन विकले. घेणारा कोण आणि कशासाठी, हे त्यांनी विचारले नाही, आणि घरात आम्हीही त्यांना काही विचारले नाही. त्या वर्षी पोळ्याला आईने मातीचा बैल पुजला. वडील जेवले नाहीत.

लास व्हेंतासच्या त्या उन्हात मित्राने दुसरा प्रश्न विचारला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर हेच उभे राहिले होते. त्याच्या लोकांनी बैलाचे मरण हजारोंच्या डोळ्यांसमोर मांडले. आम्ही ते बाजाराच्या पलीकडे, नजरेआड ठेवले. म्हणून तो खेळ मला न्याय्य वाटला असे नाही. आजही वाटत नाही. वेदनेचा तमाशा करणे वाईट, मग तो माद्रिदचा असो की बडोद्याचा. पण ‘आमच्याकडे असे काही नाही’ हे वाक्य इतिहासाला धरून नव्हते, आणि आमच्या गोठ्यालाही धरून नव्हते.

आता मेहकरच्या शिवारात ट्रॅक्टर फिरतात. पोळ्याला पूजेपुरती शेजारच्याची जोडी दारात आणावी लागते. नातवंडे हौसेने शिंगांना बेगड लावतात आणि विचारतात, “आजोबा, आपला बैल कुठे गेला?” मित्राला जे उत्तर दिले नाही, ते त्यांना तरी खरे सांगावे, म्हणून हे लिहून ठेवीत आहे.