लाल चिमणी

उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या वाचनालयाच्या बालविभागात पक्ष्यांची चिकटचित्रे करायचा बेत होता. कोलाज म्हणा हवे तर. कृती सोपी आहे, फक्त क्रम उलटा. एरवी मूल आधी पेन्सिलीने पक्षी काढते, मग त्यात रंग भरते आणि रंग रेषेबाहेर गेला की हिरमुसते. इथे आधी नुसते कागद रंगवायचे. पक्षी मनातही आणायचा नाही. दात घासायचा जुना ब्रश, स्पंज, कापलेली भेंडी, स्वतःची बोटे, जे हाताशी येईल त्याने पट्टे, ठिपके, ओरखडे उमटवायचे आणि कागद दोरीवर वाळत घालायचे. दुसऱ्या दिवशी त्यांतून पंख, पोट, चोच कापायची आणि मैद्याच्या खळीने चिकटवायची. लहानपणी आमच्या गल्लीत मोहरमचे ताबूत सजवताना अशीच खळ शिजायची. कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद पडायचे. ते विषारी, म्हणून मुलांच्या खळीत मी घातले नाही.

सातेक वर्षांच्या एका मुलीने लालभडक कागदातून चिमणी कापली. मी सहज बोलून गेलो, ‘‘अगं, चिमणी लाल कुठे असते?’’ ती काही बोलली नाही. खळ ओली होती. तिने चिमणी हलकेच सोलून काढली, टेबलाखाली टाकली आणि तपकिरी कागद शोधू लागली. तीस वर्षे कविता लिहिणाऱ्या माणसाने असे बोलावे, याची घरी पोचेपर्यंत मला लाज वाटत राहिली. कवितेत मी चंद्राला काय काय रंग फासले आहेत!

गंमत म्हणजे, ही कृती मी ज्याच्याकडून उचलली, त्या एरिक कार्लची गोष्टच मी विसरलो होतो. भोके पडलेल्या पानांतून खात खात पुढे सरकणाऱ्या सुरवंटाचे त्याचे १९६९चे पुस्तक आपल्याकडच्या पुष्कळ मुलांनी पाहिले आहे. कार्लचा जन्म १९२९चा, अमेरिकेतल्या सिरॅक्यूजचा. आईवडील जर्मन. आईला माहेरच्या देशाची ओढ लागली आणि १९३५ साली सहा वर्षांच्या पोराला घेऊन कुटुंब स्टुटगार्टला परतले. वेळ किती वाईट! हिटलरची राजवट सुरू झालेली होती. पुढे युद्ध पेटले, वडिलांना सैन्यात नेले. ते रशियाच्या कैदेतून १९४७ साली परतले, तेव्हा माणसाची नुसती काडी झाली होती. युद्धाच्या अखेरीस खुद्द एरिकलाही पंधराव्या वर्षी खंदक खणायला धाडले होते.

त्या राजवटीने रंगांवरही पहारा बसवला होता. १९३७ साली म्युनिकमध्ये ‘भ्रष्ट कला’ नावाचे प्रदर्शन भरवले गेले. सरकारी संग्रहालयांतून जप्त केलेल्या चित्र-शिल्पांपैकी सुमारे साडेसहाशे कलाकृती लोकांनी हसाव्यात म्हणून वेड्यावाकड्या टांगल्या. त्यांत फ्रान्झ मार्कचे १९१३चे ‘निळ्या घोड्यांचा मनोरा’ हे चित्र होते. हा मार्क पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी लढताना १९१६ साली व्हर्दूंजवळ मारला गेलेला. माजी अधिकाऱ्यांच्या संघटनेने तक्रार केली, तेव्हा ते चित्र तिथून हलवले. पुढे ते गोरिंगने हस्तगत केले.

अशा दिवसांत एरिकचे चित्रकलेचे शिक्षक क्राउस यांनी या शाळकरी पोराला घरी बोलावले आणि एका पेटीतून पिकासो, मातीस, क्ले, मार्क यांच्या चित्रांच्या छापील प्रती काढून त्याच्यासमोर ठेवल्या. हे कुणाला कळते तर मास्तरांची धडगत नव्हती. पोरगा तर आधी गोंधळूनच गेला. शाळेत, रस्त्यात जिकडेतिकडे खरेखुरे दिसणारे, छाती काढलेले वीर पाहायची सवय. आणि इथे भलत्याच रंगांची माणसे, जनावरे! पण त्याच्या हातात मुळात मोकळेपणा आहे, हे क्राउस यांनी ओळखले होते. मला या मास्तरांबद्दल कार्लपेक्षाही जास्त कुतूहल वाटते. एका मुलासाठी एवढा धोका कोण पत्करतो?

शिक्षण संपवून १९५२ साली कार्ल खिशात चाळीस डॉलर घेऊन न्यूयॉर्कला आला. जाहिरातीसाठी त्याने केलेला एक लाल शेवंडा बिल मार्टिन या लेखकाच्या नजरेत भरला आणि त्यातून १९६७ साली तपकिरी अस्वलाचे पुस्तक झाले. पतंगाच्या कागदासारखा पातळ कागद तो आधी रंगवून ठेवी, मग कापून थरावर थर चिकटवी. कागद झिरझिरीत, म्हणून खालचा रंग वर डोकावतो. त्या पुस्तकात अस्वलानंतर लगेच येतो तो लाल पक्षी. पुढे निळा घोडाही आहे. २०११ साली कार्लने मार्कच्या निळ्या घोड्यावर वेगळे पुस्तकच केले. २०२१ साली तो वारला.

पुढच्या रविवारी ते तपकिरी अस्वलाचे पुस्तक मी मुलांत नेले आणि मार्कच्या चित्राची ही हकिकत सांगितली. ती मुलगी मागे बसली होती. तिची तपकिरी चिमणी भिंतीवर लागलेली. सगळ्या पक्ष्यांत सुबक. मी तिला म्हणालो, ‘‘माझं चुकलं त्या दिवशी.’’ तिने मान हलवली. त्याचा अर्थ मला लागला नाही. मग तिनेच विचारले, ‘‘चाचा, ते घोड्यांचं चित्र आता कुठे आहे?’’

‘‘१९४५पासून कुणालाच माहीत नाही.’’

‘‘छोटंसं होतं का?’’

‘‘नाही गं. दोन मीटर उंच होतं. जवळजवळ या दाराएवढं.’’

सगळ्या मुलांनी वळून दाराकडे पाहिले.