स्वयंपाकघर मागेच का?

नागपूरच्या महाल भागातले जुने वाडे आणि सिव्हिल लाइन्समधले इंग्रजी काळातले बंगले यांच्यात अंतर जेमतेम काही किलोमीटरचं. पण घर कसं असावं याबद्दल दोघांचं म्हणणं अगदी उलट. वाड्यात अंगण घराच्या पोटात असतं. बंगल्यात घर अंगणाच्या मधोमध असतं. आज नागपुरात कुणीही घराचा प्लॅन काढायला बसलं, की या दोन्हींकडून नकळत काहीतरी उचलतं. मीही सध्या बसलोय. आमचा प्लॉट 30 बाय 50 फुटांचा, रस्ता पूर्वेला. पण त्याआधी थोडं मागे जाऊ.

रघूजी भोसल्यांनी अठराव्या शतकात नागपूरला राजधानी केलं आणि शहर वाढलं. त्या काळच्या वाड्याची रस्त्याकडची बाजू जवळजवळ बंदच. देवडीतून आत गेलं की ओसरी, मग चौक, मग माजघर, आणि अगदी शेवटी स्वयंपाकघर, विहीर, परस. भिंती इतक्या जाड की दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत रात्र व्हायची, आणि रात्री माणसं चौकात नाहीतर गच्चीवर झोपायची. स्वयंपाकघर मागे असायला चार भक्कम कारणं होती: चुलीचा धूर, विहिरीचं पाणी, सोवळं-ओवळं, आणि बायका परक्या पुरुषांच्या नजरेला पडू नयेत हा हट्ट.

1853 मध्ये तिसरे रघूजी वारले, त्यांच्यामागे इंग्रजांनी राज्य खालसा केलं. 1861 मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि नागपूर त्याची राजधानी झालं. सीताबर्डीच्या टेकडीपलीकडे साहेबांचे बंगले उभे राहिले. ‘बंगला’ हा शब्दच बंगालवरून आलेला. तिथल्या झोपडीचा साहेबाने केलेला ऐसपैस अवतार. उंच छत, आणि चहूकडे व्हरांडा, म्हणजे ऊन मुख्य भिंतीला शिवायलाच नको. दारांना वाळ्याचे ओले पडदे. स्वयंपाकघर मात्र घरातच नाही! ते मागच्या बाजूला वेगळं, नोकरांच्या खोल्यांजवळ. साहेबाला धूर, वास आणि स्वयंपाकी, तिन्ही दूर हवे होते.

1936 मध्ये नागपूर सुधार प्रन्यासचा कायदा झाला आणि जुन्या शहराबाहेर आखीव वस्त्या आल्या. पुढे शेतं विकली गेली आणि शहरभर लेआउट पडले. त्यातले कितीतरी परवानगीविना. ‘572’ आणि ‘1900’ हे आकडे नागपुरात आजही वस्तीच्या नावासारखे उच्चारले जातात. नियमित करायच्या लेआउटच्या त्या याद्या. या प्लॉटांवर सिमेंटच्या स्लॅबची घरं आली. चौक गेला, कारण जागा नाही. व्हरांडा आक्रसून पोर्च झाला आणि त्यात गाडी उभी राहिली. भिंत नऊ इंचांवर आली. कवेलू जाऊन त्याजागी दिवसभर तापणारा आणि रात्रभर उष्णता सोडणारा स्लॅब आला. एक गोष्ट तेवढी हलली नाही: स्वयंपाकघर मागेच राहिलं.

आता उन्हाचा हिशोब करू. नागपूर साधारण 21 अंश उत्तर अक्षांशावर आहे. 26 मेच्या आसपास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली नाहीशी होते. म्हणजे मे महिन्यात सगळ्यात जास्त भाजतं ते छत. त्याखालोखाल सकाळी पूर्वेची भिंत आणि दुपारनंतर पश्चिमेची. दक्षिणेची भिंत, जिला आपण उगाच घाबरतो, ती त्या दिवसांत बरीच सुटते. आणि मेमध्ये सूर्य सरळ पश्चिमेला मावळत नाही, उत्तरेकडे बराच सरकून मावळतो. घरातला कुठला कोपरा तो? वायव्य.

आमच्या पहिल्या प्लॅनमध्ये पुढे गाडी आणि हॉल, मध्ये बेडरूम, आणि स्वयंपाकघर मागे वायव्य कोपऱ्यात. वास्तुशास्त्र म्हणतं आग्नेय, नाही जमलं तर वायव्य. त्यामुळे कुणाची हरकत नव्हती. फक्त तिथे उभं कोण राहणार, हे कागदावर लिहिलेलं नव्हतं. मेच्या संध्याकाळी बाहेर पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना, डोक्यावर तापलेला स्लॅब, दोन भिंतींवर ऊन आणि समोर गॅस, अशा जागी आई पोळ्या लाटणार. हॉलमधला कूलर तिच्यापर्यंत पोचणार नाही, आणि ओट्याशी लावला तर गॅसची ज्योत फडफडणार.

राष्ट्रीय बांधकाम संहिता याबाबत काय सांगते ते पाहिलं. राहण्याची खोली किमान 9.5 चौरस मीटर हवी. जेवायची जागा वेगळी असेल तर स्वयंपाकघर 5 चौरस मीटरचं, 1.8 मीटर रुंदीचं चालतं. म्हणजे जेमतेम 54 चौरस फूट. संहितेच्या भाषेतही स्वयंपाकघर ‘राहण्याच्या खोली’त गणलं जातं ते बैठकीची खोली म्हणूनही वापरलं तरच. दिवसातले पाच-सहा तास तिथे कुणी नुसता स्वयंपाक करत असेल, तर नाही.

आमच्या क्षेत्रात जुन्या कोडमध्ये अशा ओळी सापडतात. कुणीतरी, कधीतरी, योग्य कारणासाठी लिहिलेल्या. कारण संपतं, ओळ राहते, आणि सगळे म्हणतात, चालतंय ना, हात लावू नको. स्वयंपाकघर मागे असण्याची चारही कारणं एकेक करून गेली. चुलीच्या जागी गॅस आला, विहिरीच्या जागी नळ. सोवळं आमच्या घरात आजीबरोबर संपलं. चौथं कारण कुणी मोठ्याने बोलत नाही, पण आहे अजून. स्वयंपाकघर पुढे, आग्नेयेला, रस्त्याच्या बाजूला आणू म्हटल्यावर बाबा म्हणाले, “येणाऱ्या-जाणाऱ्याला पहिले भांडी दिसतील.” आई म्हणाली, “अन् मले रस्ता दिसंन, त्याचं काय?”

नवा प्लॅन असा झाला आहे. पूर्वेला स्वयंपाकघर आणि पोर्च. सकाळचं ऊन येतं, पण तेव्हा हवा अजून सोसवेल अशी असते. खिडकीवर खोल छज्जा आहे. पश्चिमेच्या भिंतीला जिना, बाथरूम आणि कपाटं, म्हणजे जिथे कुणी फार वेळ थांबत नाही अशा गोष्टी; त्यांनी ऊन झेलावं. बंगल्याचा व्हरांडा परवडत नाही, पण त्याचं काम हा जिना करतो. हॉल दोन फुटांनी लहान झाला. त्यावरून अजून कुरबुर चालू आहे.

आणि कूलर. नागपूरच्या घरात तो पाहुणा नसतो, चार महिने मुक्कामाला असतो. तरी प्लॅनवर तो कुणी काढत नाही. त्याला बाहेरून सुकी हवा लागते, पाण्याचा नळ लागतो, आणि मुख्य म्हणजे समोरच्या बाजूला हवा बाहेर जायला वाट लागते. नाहीतर खोली गार व्हायच्याऐवजी दमट होते. आमच्या हॉलचा कूलर उत्तरेच्या खिडकीत आहे आणि हवा जायची वाट स्वयंपाकघरातून. ओट्याची जागा त्या झोताच्या बाजूला ठेवली आहे, म्हणजे गॅस फडफडणार नाही आणि आईला वारा लागेल.

तुमच्याकडे असा कागद आला, तर खोल्यांची नावं वाचण्याआधी त्यावर उत्तर दिशा शोधा. मग मे महिना, दुपारचे चार, असं मनात धरून प्रत्येक चौकटीत त्या वेळी तिथे असणाऱ्या माणसाचं नाव लिहा. ड्रॉइंगवाल्याला त्यासाठी वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत.